प्रत्यक्ष पाहणी

"ओहोल? ऐसा कोई विंग नहीं है, अंकल," वॉचमन म्हणाला. "ट्यूलिप है, डॅफोडिल है, लिली बन रहा है. आपको किसके घर जाना है?"

"मला कुणाच्या घरी जायचं नाहीये. इथून एक ओहोळ वाहायचा. पाण्याचा. तो कुठे गेला ते बघायचंय." पोतनीस सरांचा आवाज चढला. एकाहत्तराव्या वर्षी आवाज चढला की त्यांना खोकला यायचा, तसा तो आला.

वॉचमनने शांतपणे रजिस्टर पुढे केलं. "नाम, मोबाइल नंबर, फ्लॅट नंबर."

सरांच्या मागे गोदूबाई पदराने मान पुसत उभी होती. चोवीस वर्षं ती सरांच्या कॉलेजात शिपाई होती. भूगोलाच्या खोलीत नकाशे टांगणं, खडू आणणं, जर्नलांचे गठ्ठे इकडून तिकडे नेणं ही तिची कामं. तिने सरांच्या शर्टाची बाही हलकेच ओढली. "ऱ्हाऊ द्या सर. यांना काय ठावं? मागच्या अंगानं चला, मी दावते."

पण सरांचे पाय हलेनात. गेटच्या आत एक पवनचक्की होती. फायबरची, दोन मजली उंच. एप्रिलची दुपार, झाडाचं पान हलत नव्हतं, आणि ही बया मोटरवर गरागरा फिरत होती. तिच्या पायथ्याशी सिमेंटचा कालवा, तळाला निळ्या फरशा, त्यात टँकरचं पाणी, पाण्यावर चिप्सची पाकिटं आणि दोन प्लास्टिकची बदकं. वर कमानीवर सोनेरी अक्षरं: ‘हॉलंड ग्रीन्स’. बदलापुरात, हेंद्रेपाड्याच्या भातखाचरांत, हॉलंड! खरा ओहोळ पुरून त्याच्या उरावर हा खोटा कालवा बांधलाय, आणि लोक त्याच्यापुढे पोरांचे फोटो काढतायत. सरांच्या तोंडाला कडू पाणी सुटलं.

"शी!" ते मोठ्याने म्हणाले. वॉचमनला वाटलं त्यालाच म्हणाले. तो बिचारा रजिस्टर घेऊन मागे सरला.

मागच्या अंगाने म्हणजे बारा फुटी भिंतीच्या कडेकडेने. भिंतीच्या आत हॉलंड, भिंतीच्या बाहेर हॉलंडचं सांडपाणी. काळा, फेसाळ, बुळबुळीत पाट, त्यावर डासांचा थर. सरांनी नाकाला रुमाल लावला. पाटाला लागून आठ खोल्यांची चाळ, त्यांतल्या पाचांना कुलपं. सहावी गोदूबाईची.

"ह्ये बघा," आत शिरल्या शिरल्या तिने भिंतीवर हात ठेवला. रंगावर एक मळकट रेघ होती, तिच्या छातीइतकी उंच. "मागल्या जुलैत हितपर्यंत पानी. आदी पाऊस कितीबी पडो, ओहोळ सगळा नदीत न्यायचा. आता त्याचं तोंडच बुजवलंय, तर पानी जानार कुठं? आमच्या घरात येतं."

कॉटवर तिचा नवरा शिवराम पडून होता. तीन वर्षांपूर्वी त्याची उजवी बाजू गेली. अंबरनाथच्या कारखान्यात तीस वर्षं अवजड काम केलेला माणूस, अंगाने अजून भरभक्कम. त्याने डावा हात कपाळाशी नेऊन सरांना नमस्कार केला.

"पानी चढलं तवा चाळीतल्या पाच जनांनी यांना उचलून माळ्यावर टाकलं," गोदूबाई म्हणाली. "अकरा तास पत्र्याखाली पडून व्हते. आता ते पाचजन गेले खोल्या सोडून. यंदा कोन उचलनार, सांगा तुमी."

सरांना त्या माळ्याकडे बघवेना.

तिने या बांधकामाविरुद्ध नगरपालिकेत हरकत घेतली होती. लिली नावाचा तिसरा टॉवर नेमका ओहोळाच्या तोंडावर उठत होता. तिथे ओहोळ होता हे सिद्ध झालं तर त्या टॉवरचं काम थांबणार होतं आणि पाण्याला वाट मोकळी करून द्यावी लागणार होती. पण गावच्या नकाशात ओहोळ नव्हता. बारमाही वाहत नाही म्हणून कुणी तो काढलाच नव्हता. उपग्रहाच्या फोटोत वरची करंजाची झाडी तेवढी दिसे. आणि शेजाऱ्यांच्या जबानीला कोण विचारतो, ते तर स्वतःच्याच घरासाठी बोलणार. पुढच्या बुधवारी शेवटची सुनावणी होती. बाहेरच्या माणसाचा लेखी पुरावा आणा, असं तिला सांगितलं होतं.

"बाहेरचा माणूस म्हणजे मीच की," सर म्हणाले. "अठ्ठ्याऐंशी साली मी इथेच भाड्याने राहत होतो. रोज सकाळी त्या दगडी फळीवरून ओहोळ ओलांडून स्टेशनला जायचो. आणि लेखी म्हणाल, तर पंचवीस वर्षांची जर्नलं आहेत माझ्याकडे. प्रत्येकात हेंद्रेपाड्याचा नकाशा आहे आणि प्रत्येक नकाशात ओहोळ आहे. गाडीभर पुरावा आहे, गोदूबाई! कसे नाही म्हणतात ते बघतोच."

गोदूबाईने त्या दिवशी पहिल्यांदा नीट श्वास सोडला. मग चहा टाकायला उठली.

*

"अहो, किती वर्षं सांगतेय, ती धुळीची खाण रद्दीत घाला," सुनंदाबाई खालून स्टूल धरून ओरडत होत्या. "माळ्यावरून पडलात तर मला उचलता यायचं नाही, आधीच सांगून ठेवते."

कॉलेजची जुनी इमारत पाडली तेव्हा भूगोलाच्या खोलीतली, मुलांनी परत न नेलेली जर्नलं सरांनी घरी आणली होती. त्रेचाळीस निघाली. चंदेरी किडे, झुरळांची अंडी, डिंकाचा आंबूस वास. सरांनी ती हॉलमध्ये पसरली. सुनंदाबाईंनी नाकाला पदर लावून स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

सर एकेक उघडत गेले. पहिल्या पानावर सगळीकडे तेच: एकात एक पाच वर्तुळं. सरांचं शहर हे असं होतं. दोरीला खडू बांधून ते फळ्यावर वर्तुळं काढत. मधोमध स्टेशन आणि बाजार. त्याभोवती कारखाने. मग कामगारांच्या चाळी, मग बऱ्या घरातल्या लोकांचे ब्लॉक, आणि सर्वांत बाहेर रोज येऊन-जाऊन नोकरी करणारे. "शहर म्हणजे कांदा," ते सांगत. "एक पापुद्रा सोला, खाली दुसरा. प्रत्येक जागेचं एक काम आणि प्रत्येक कामाची एक जागा." अंबरनाथ त्यांनी त्या वर्तुळांत बसवलं होतं, बदलापूरही ओढूनताणून बसवलं होतं. कुणी हात वर करून म्हटलं, सर, आमची चाळ तर केमिकलच्या कंपनीला चिकटून आहे, तर ते म्हणत, अपवाद. उल्हासनगरला तर ते शहरच मानत नसत. बरॅकीत दुकान, दुकानावर घर, घरात कारखाना. असल्या घाणीला आकृतीत जागा नाही, असं ते वर्गात बोलून दाखवत, आणि उल्हासनगरची पोरं खाली मान घालून ऐकत.

मग प्रात्यक्षिक. एखाद्या वस्तीत जाऊन दर जागेचा वापर नोंदवायचा आणि नकाशा रंगवायचा. राहत्या घरांना पिवळा, दुकानांना निळा, कारखान्याला जांभळा. एका चौकोनाला एकच रंग. खाली खात्याचा शिक्का, ‘प्रत्यक्ष पाहणीवर आधारित’, आणि लाल शाईत सरांची सही.

अठ्ठ्याण्णवचं जर्नल. ओहोळ होता, निळी रेघ. दोन हजार एक, होता. दोन हजार चार, होता. सर खुशीत येऊन शीळ घालायला लागले. दोन हजार आठ, होता. आणि ओहोळाच्या डाव्या अंगाला पिठाची गिरणी होती.

सरांची शीळ थांबली. ती गिरणी दोन हजार पाचच्या पुरात गेली होती. जोत्यासकट. मग आठ साली ती कशी? त्यांनी नऊ उघडलं. गिरणी. दहा, अकरा, बारा. गिरणी, गिरणी, गिरणी. त्रेचाळीस जर्नलांत तीच गिरणी, तीच सात झाडं, दक्षिणेकडच्या घराला तोच चुकून पडलेला जांभळा रंग.

पोरं छापत होती. आधीच्या वर्षीचं जर्नल मिळवायचं, काचेखाली दिवा लावून नकाशा उतरवायचा, आपलं नाव घालायचं. ही काय नवीन गोष्ट होती? भूगोलाचं कुठलं जर्नल महाराष्ट्रात छापल्याशिवाय पुरं झालंय? सरांना ठाऊक नव्हतं असं नाही. पहिली दोन वर्षं ते स्वतः पोरांना घेऊन हिंडले होते. मग वर्गात एकशेवीस पोरं झाली, ऊन झालं, गुडघे झाले. शेवटी एका वर्षी त्यांनी स्वतःच हेंद्रेपाड्याचा नकाशा फळ्यावर काढून दिला आणि सांगितलं, उतरवून घ्या. नंतर तेवढीही गरज राहिली नाही. ते ढीगभर जर्नलं पुढ्यात घेत आणि चहा पिता पिता सह्या ठोकत.

आता प्रत्येक पानावरून ती लाल सही त्यांच्याकडे बघत होती. भगवंत पोतनीस, भगवंत पोतनीस. त्या पवनचक्कीला हसायचं तोंड होतं का आपल्याला? तिला निदान मोटर तरी होती. सरांना स्वतःचीच शिसारी आली. ते उठले आणि साबणाने हात धुतले, वास जाईना म्हणून परत धुतले.

"काय झालं?" सुनंदाबाईंनी विचारलं.

"काही नाही. धूळ."

"मग टाकू का रद्दीत?"

"नको. बुधवारी न्यायचीत," सर म्हणाले. दुसरं होतंच काय न्यायला?

*

सुनावणीच्या हॉलबाहेर लाकडी बाक होते. गोदूबाई इस्त्रीचं लुगडं नेसून, अर्जाची प्लास्टिकची पिशवी मांडीवर घेऊन एका टोकाला बसली होती. सर गठ्ठा पायाशी ठेवून दुसऱ्या टोकाला.

"सर! ओळखलंत?" एक चाळिशीचा माणूस पुढे आला आणि वाकून पायाला हात लावला. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. "हितेश गायकर. दोन हजार चारची बॅच, उल्हासनगर कॅम्प चार. तुमच्यामुळे तर प्लॅनिंगला गेलो."

"छान, छान. आणि आता?"

"हॉलंड ग्रीन्सचा प्लॅनर. मास्टर लेआउट मेरा ही है." तो जरा लाजून हसला. "आज समोरच्या साइडला आहे, सर. सॉरी."

सरांनी त्याला नखशिखान्त न्याहाळलं. "ती पवनचक्की तुझी?"

"ती मार्केटिंगवाल्यांची. पण कॅनॉल माझा."

"लाज नाही वाटत? भातशेतीत हॉलंड! शेजारी चाळ बुडतेय आणि तुम्ही बदकं सोडताय. हे शहर आहे का? ना शेंडा ना बुडखा. हेच शिकवलं होतं मी तुम्हाला?"

हितेश बाकावर टेकला. त्याला राग आलेला दिसला नाही. "सर, तुमचा कांदा बरोबर होता, पण त्या जमान्याचा. एक सेंटर, बाकी सगळं त्याच्या भोवती. आता सेंटरच नाही. तंबोला खेळलाय ना तुम्ही? शहर आता तंबोल्याचं तिकीट आहे. कुठला चौकोन कधी लागेल, बाजूच्या चौकोनाला पत्ता नसतो. लागला की तिथे टॉवर. त्याला त्याचं गेट, त्याचं पाणी, त्याचा क्लब. कुणाला हॉलंड पाहिजे, कुणाला इटली. बीच में जो खेत है, वो खेत ही रहता है."

"आणि जे चौकोन लागत नाहीत त्यातल्या माणसांचं काय?"

हितेशने गोदूबाईकडे पाहिलं आणि नजर वळवली. "ते राहतात तिकिटावर तसेच. नाही सर, मी त्याला चांगलं म्हणत नाहीये. जे आहे ते सांगतोय."

"किळसवाणं आहे हे," सर म्हणाले. "माझ्या वर्तुळात निदान गरिबाला एक जागा तरी होती."

"कागदावर होती, सर." हितेश आता हळू बोलत होता. "आमच्या गल्लीचा नकाशा काढून आणला होता मी, आठवतं? चार दिवस उन्हात फिरून. खाली जीन्सची शिलाई, मधे आम्ही राहायचो, वर काकीचं पापड-लोणचं. मी त्या चौकोनात तीन रंगांचे पट्टे काढले होते. पूर्ण गल्ली तशीच, पट्टे पट्टे. तुम्ही लाल पेनाने काट मारलीत. ‘एका चौकोनाला एकच रंग. पुन्हा काढा.’ वर्गात वाचूनही दाखवलंत. मग मी एका सीनियरचं हेंद्रेपाड्याचं छापलं. तुम्ही दहापैकी नऊ दिलेत." त्याने पायाशी असलेल्या गठ्ठ्याकडे बोट केलं. "यात असेल माझं. मी हेंद्रेपाड्यात पहिल्यांदा आलो तो या प्रोजेक्टच्या वेळी."

सरांना ती काट आठवत नव्हती. असल्या किती फुल्या त्यांनी मारल्या होत्या, त्यांतली कुठली म्हणून आठवणार?

"तुम्ही गिरणी बघितलीत ना?" हितेशने विचारलं. "तुम्ही इथे आधी दिलेल्या जर्नलच्या झेरॉक्स मला मिळाल्या, तेव्हा लगेच दिसली. पण मी काही बोलणार नाही, सर. माझ्या रिपोर्टमध्ये जर्नलवर एक लाइन नाही. कंपनीने विचारलं तर सांगेन, गेलो होतो सर्व्हेला. तुम्ही सांगा काय सांगायचं ते. खरं म्हणाल तर..." तो उठला. "ओहोळ होता, सर. पायाच्या पाइलिंगच्या वेळी खाली काळा गाळ लागला आणि गोगलगायींचे शंख. मला माहीत आहे. पण माझ्या तोंडून नाही निघणार. माझं घर चालतं त्याच्यावर."

*

अधिकारी मॅडम बऱ्या होत्या. त्यांनी पाचसहा जर्नलं उघडून पाहिली, निळ्या रेघेवर बोट फिरवलं, शिक्का पाहिला. गोदूबाई त्यांच्या बोटाकडे डोळे लावून उभी होती.

"सर, हे चांगलं मटेरियल आहे," मॅडम म्हणाल्या. "वेगवेगळ्या वर्षांचं, वेगवेगळ्या मुलांचं, आणि तुमचा कुणाशी संबंध नाही. फक्त एक करा. शिक्का कॉलेजचा आहे, तो मला चालणार नाही. तुम्ही स्वयंघोषणापत्र द्या, की ही सर्वेक्षणं विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष जागेवर जाऊन, तुमच्या देखरेखीखाली केलेली आहेत. तेवढं आलं की मी आजच तिसऱ्या टॉवरला स्थगिती देते आणि जागेची संयुक्त पाहणी लावते. कंपनीचं काही म्हणणं?"

हितेश टेबलाकडे बघत होता. "नो कॉमेंट्स, मॅडम."

छापील कागद सरांच्या पुढ्यात आला. नाव, वय, पत्ता त्यांनी भरला. मधल्या मोकळ्या जागेत दोन ओळी लिहायच्या होत्या. खाली बारीक अक्षरांत छापलं होतं: वरील माहिती खोटी आढळल्यास मी कायदेशीर कारवाईस पात्र राहीन.

पेन कागदावर टेकलं आणि तिथेच राहिलं. ओहोळ होता. देवाशप्पथ होता. त्याच्यात पाय घालून बसलेत ते, माशांच्या पिल्लांनी त्यांच्या बोटांना चावे घेतलेत. पण ‘विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष जाऊन’? त्यांच्या डोळ्यांपुढे गिरणी आली. उद्या कंपनीने दुसरा कुणी आणला आणि त्याने गिरणीवर बोट ठेवलं तर? पोतनीस सरांचा फोटो पेपरात? की त्याची भीती नव्हतीच आणि खरोखरच जन्मभराच्या त्या लाल सह्यांचा उबग आला होता? पुढे पुष्कळ दिवस त्यांनी स्वतःला हे विचारलं आणि प्रत्येक वेळी वेगळं उत्तर मिळालं. त्या क्षणी एवढंच झालं, की त्यांनी पेन खाली ठेवलं.

"मॅडम, मला हे लिहिता येणार नाही."

"म्हणजे?"

"ओहोळ मी स्वतः पाहिलाय. ते लिहून देतो. पण ही जर्नलं खोटी आहेत. मुलं कुठे गेली नव्हती. मी फळ्यावर काढून दिलेला नकाशा वर्षानुवर्षं छापलाय त्यांनी, आणि मी डोळे मिटून सह्या केल्यात. यात एक गिरणी आहे बघा, वाहून गेलेली गिरणी..." ते बोलतच राहिले. बोलता बोलता त्यांना हलकं वाटायला लागलं. पंचवीस वर्षांची घाण बाहेर पडत होती. हितेशने कपाळाला हात लावलेला त्यांना दिसला, आणि त्यांना वाटलं, शिकेल, पोरगं यातून काहीतरी शिकेल.

मॅडमनी जर्नल मिटलं. "मग हा पुरावा राहत नाही, सर. सदतीस वर्षांपूर्वी ओहोळ पाहिल्याचं तुमचं म्हणणं मी नोंदवून घेते. पण तेवढ्यावर मला बांधकाम थांबवता येणार नाही." त्यांनी गोदूबाईकडे पाहिलं. "बाई, दुसरं काही आहे का तुमच्याकडे?"

गोदूबाईने प्लास्टिकच्या पिशवीत हात घातला, तसाच बाहेर काढला आणि मान हलवली.

*

बाहेर आल्यावर सर म्हणाले, "गोदूबाई, वाईट वाटून घेऊ नका. वर अपील करता येतं. खोट्याच्या पायावर आपली बाजू उभी करायची नव्हती मला."

गोदूबाई चालायची थांबली. "सर, ओहोळ व्हता का नव्हता?"

"होता."

"मग खोटं काय व्हतं त्यात?"

"अहो, ओहोळ खरा, पण मुलं गेली नव्हती ना तिथे. मी कसं लिहून देणार?"

"त्या वह्यांवर लिवत व्हता तवा?" तिचा आवाज वाढला नाही, वाढला असता तर बरं झालं असतं. "मीच आनून ठेवायची की तुमच्या टेबलावर. शंभर-शंभर वह्या. तुमी न उघडता सह्या करायचा आन् मला म्हनायचा, ने गं बाई, संपली पीडा. तवा तुमाला नाय ओकारी आली. इतक्या खोट्या सह्या केल्यात, सर, त्या कोनाच्या कामाला आल्या? माझा ओहोळ तर खरा व्हता. त्याच्यापायी एक सही नाय झाली तुमच्यानं."

सरांनी हातातला गठ्ठा खाली ठेवला.

"तुमचं मन साफ झालं," गोदूबाई म्हणाली. "बरं झालं." आणि ती निघाली. समोरून रिक्षा येत होती. तिने हात करून ती थांबवली, सरांसाठी थांबवली, आणि स्वतः स्टेशनच्या रस्त्याने चालत गेली. सरांना रिक्षात बसवेना आणि तिच्या मागे जाववेना. रिक्षावाला भडकला तेव्हा ते भानावर आले.

घरी आल्यावर त्यांनी सगळं सुनंदाबाईंना सांगितलं. त्या वाटाणे सोलत होत्या.

"खरं बोललात ते चांगलंच केलंत," ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या. "पण अहो, तुमच्या खरेपणाला हाच मुहूर्त सापडला?"

अपिलाचा अर्ज सरांनी लिहिला. दोनदा लिहिला. एकदा हेंद्रेपाड्यात जाऊन गोदूबाईच्या सहीसाठी दारात उभे राहिले. ती म्हणाली, ठेवा तिथं. सही तिने केली नाही.

*

मे संपता संपता गोदूबाईचं बिऱ्हाड निघालं. वांगणीला लेकीच्या घरी, एका खोलीत. सरांना कुणी बोलावलं नव्हतं. कॉलेजच्या जुन्या क्लार्ककडून कळलं म्हणून ते सकाळीच येऊन पोचले. हॉलंडच्या भिंतीने गल्लीचं तोंड चिंचोळं करून टाकलं होतं, टेम्पो आत येत नव्हता. भांडी, ट्रंक, गॅसची शेगडी एकेक करून दोनशे पावलांवरच्या रस्त्यापर्यंत न्यावी लागत होती. लेकीचा नवरा आणि टेम्पोवाले दोघं वाहत होते. सर मधे मधे येत होते. गोदूबाई त्यांच्याशी बोलली नाही, बाजूने जाताना नुसती म्हणायची, "सरका."

शेवटी कॉट राहिली. शिवरामला खुर्चीवर बसवून नेता येईना, त्याची मान कलंडत होती. तेव्हा कॉटसकटच उचलायचं ठरलं. जावई आणि एक टेम्पोवाला डोक्याकडे, दुसरा टेम्पोवाला पायाकडे. पायाकडचा एक कोपरा रिकामा राहिला. जावयाने आजूबाजूला पाहिलं. आता सात कुलपं आणि भिंत.

गोदूबाईने पदर खोचला आणि कोपऱ्याला हात घातला. एक क्षण तिने जोर लावून पाहिला. मग मान वर न करता म्हणाली, "सर, ह्यो कोपरा धरा. माझ्या कमरेत जोर नाय."

सरांनी चष्मा खिशात टाकला आणि वाकून लोखंडी नळी पकडली. "हां, उचला," जावई म्हणाला. कॉट उठली. सरांच्या पाठीतून कळ निघून थेट टाचेपर्यंत गेली, पण हात सुटला नाही. भिंतीच्या कडेने, काळ्या पाटातून पाय काढत काढत ते चौघं निघाले. सांडपाणी सरांच्या चपलांत शिरलं, बोटांमधून बुळबुळलं. वास नाकातोंडात गेला. रुमाल लावायला हात मोकळा नव्हता.

अर्ध्या वाटेवर शिवरामने डोळे उघडले. पायाकडे कोण आहे ते त्याला आधी कळेना. मग कळलं, आणि तो संकोचाने अंग चोरायला लागला. त्याची जीभ जड झाली होती, शब्द एकेक करून येत.

"सर... लई जड... हाय का मी?"

"छे हो, अजिबात नाही," सर खोटं बोलले आणि दुसरा हातही खाली घातला.